गाडी खोलण्याआधी

'गिअर जड लागतोय.' शिर्डी, राहाता, कोपरगाव, संगमनेर या पट्ट्यातल्या गॅरेजांना ही तक्रार नवी नाही. तक्रार घेऊन येणारी गाडी मात्र बदलली आहे. टोयोटाची इनोव्हा २००५ मध्ये भारतात आली तेव्हा ती हाताने गिअर टाकायची गाडी होती. २०१६ मध्ये क्रिस्टा आली आणि तिच्या मोठ्या डिझेल इंजिनाबरोबर सहा गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळू लागला. मारुतीच्या दुसऱ्या पिढीतल्या अर्टिगाला २०१८ मध्ये चार गतींचा, तर २०२२ मध्ये सहा गतींचा ऑटोमॅटिक मिळाला. २०२० मध्ये किया कार्निव्हल आठ गतींचा गिअरबॉक्स घेऊन आली. शिर्डीला येण्याच्या वाटाही याच काळात वाढल्या. शिर्डीजवळ काकडी येथे विमानतळ सुरू झाला तो २०१७ मध्ये. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहता झाला. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी हे शिर्डीचे तीन मोठे उत्सव. त्या दिवसांत सात-आठ माणसे आणि त्यांचे सामान घेऊन लांबून आलेल्या या गाड्या नगर जिल्ह्याच्या रस्त्यांवर पावलापावलाला दिसतात. त्यातली एखादी बिघडली की ती मुक्कामाच्या गावी, अनोळखी गॅरेजात, घाईत असलेल्या कुटुंबासह उभी राहते.

या अंकासाठी संपादकांनी दिलेला विषय 'दुरुस्ती' असा आहे. दुरुस्ती म्हटले की डोळ्यांपुढे पाने, जॅक आणि तेलाने काळे झालेले हात येतात. दुरुस्तीचा निर्णायक भाग मात्र पाना हातात घेण्याआधीच होऊन जातो. बिघाड नेमका कुठे आहे, हे ठरवणे हाच तो भाग. ऑटोमॅटिक गाडीचा जड झालेला गिअरचा दांडा हे त्याचे अतिशय स्पष्ट उदाहरण आहे, म्हणून या लेखासाठी ते निवडले. तक्रार एकच असते, कारणे मात्र अर्धा डझन असू शकतात. त्यातली बहुतेक स्वस्त आणि गिअरबॉक्सच्या बाहेरची असतात. तरीही संशय सगळ्यात आधी गिअरबॉक्सवर जातो, कारण तो सगळ्यात महाग आणि सगळ्यात गूढ भाग आहे. माझे म्हणणे असे, की ही चूक कुणाच्या अज्ञानातून किंवा लबाडीतून होते त्यापेक्षा अधिक ती एका जुन्या सवयीतून आणि बिलाच्या रचनेतून होते. आपल्याकडे पार्ट बदलल्याचे पैसे मिळतात, बिघाड शोधल्याचे मिळत नाहीत. हे उलटवल्याशिवाय चांगली दुरुस्ती शक्य नाही.

हात गिअर बदलत नाही

१ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून कित्येक दशके या जिल्ह्यातल्या फिटरांचे कान आणि हात हाताच्या गिअरवर घडले. त्या यंत्रात चालकाच्या हाताचा जोर सळयांवरून किंवा केबलवरून थेट गिअरबॉक्सच्या आत जातो आणि तिथले काटे सरकवतो. ते काटे फिरत्या दातांची जुळणी करतात. त्यामुळे दांडा जड झाला तर क्लच पुरता सुटत नाही, सिंक्रोनायझर झिजला आहे, आतला काटा वाकला आहे किंवा तेल चुकीचे पडले आहे, असे अनुमान योग्यच असते. नगरच्या रणगाडा संग्रहालयात ठेवलेल्या जुन्या लढाऊ वाहनांच्या काळात तर गिअर टाकणे हे अंगमेहनतीचे काम होते. हाताला लागणारा जडपणा आणि गिअरबॉक्सच्या, म्हणजे पेटीच्या, आतला बिघाड यांचे नाते तिथे सरळ होते.

टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गाडीत हे नाते तुटते. दांडा पी (पार्क), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल) किंवा डी (ड्राइव्ह) यांपैकी कुठेही नेला तरी चालकाचा हात एकही दात जुळवत नाही. दांड्याला जोडलेली केबल किंवा सळई गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बाजूला असलेला एक छोटा आर्म काही अंशांत फिरवते. त्या आर्मचा दंड पेटीत शिरतो आणि तेलाच्या वाटा ठरवणारी एक झडप थोडीशी पुढे-मागे सरकवतो. पुढचे सगळे काम तेलाचा दाब, आतल्या क्लचच्या चकत्या आणि संगणक करतात. दंडावर एक खाचांची पट्टी असते आणि तिच्यावर स्प्रिंगने दाबलेली एक छोटी चाकी फिरते. प्रत्येक जागी 'खट्' असे जे जाणवते ते या चाकीमुळे. हे सगळे हलवायला लागणारा जोर मुळातच थोडा आहे. डीमध्ये गाडी धक्का देत असेल, चढावर ओढत नसेल, गिअर उशिरा बदलत असतील तर संशय पेटीच्या आतल्या तेलावर किंवा क्लचवर घेणे बरोबर. पण गाडी नीट चालते आणि फक्त दांडा जड आहे, असे असेल तर बिघाड बहुधा हात ते झडप या छोट्या साखळीत कुठेतरी असतो. ही साखळी जवळपास सगळी पेटीच्या बाहेर असते.

इथे एक सावधगिरी हवी. 'ऑटोमॅटिक' या एकाच नावाखाली बाजारात निरनिराळी यंत्रे विकली जातात. रेनो ट्रायबरसारख्या गाडीत मिळणाऱ्या एएमटीमध्ये पेटी हाताच्या गिअरचीच असते. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्रणा करते आणि चालकासमोरचा दांडा बहुधा केवळ एक विजेचे बटण असतो. तो जड झाला तर पेटीकडे पाहण्यात काही अर्थच नाही, कारण दांडा आणि पेटी यांच्यात फक्त तार आहे. म्हणून पहिला प्रश्न गाडीच्या मॉडेलचा नसून यंत्राच्या प्रकाराचा असायला हवा. त्या प्रकारात चालकाचा हात नेमके काय हलवतो, हे कळल्याशिवाय पुढचे कोणतेही अनुमान टिकत नाही.

जड, पण कुठे आणि केव्हा?

चांगला फिटर बॉनेट उघडण्याआधी चालकाला बोलते करतो. दांडा सगळीकडे जड आहे की फक्त पीमधून निघताना? सकाळी जड आणि दुपारी हलका, असे होते का? इंजिन बंद असतानाही तितकाच जड लागतो का? गाडी सपाटीवर उभी होती की उतारावर? अलीकडे बॅटरी, ब्रेक किंवा गालिच्याचे काही काम झाले का? या प्रश्नांची उत्तरे फुकट मिळतात आणि शक्यता झपाट्याने कमी करतात.

समजा दांडा फक्त पीमध्ये अडकतो आणि एकदा सुटला की पुढे लोण्यासारखा फिरतो. मग केबलचा संशय मागे पडतो आणि ब्रेकशी जोडलेले कुलूप पुढे येते. ब्रेक दाबल्याशिवाय पीमधून दांडा निघू नये, यासाठी दांड्याच्या बुडाशी एक विजेचे कुलूप असते. ब्रेक दाबला की पेडलजवळचा स्विच संदेश देतो, कुलूप 'टिक्' असा आवाज करून सुटते आणि दांडा मोकळा होतो. तो स्विच बिघडला किंवा त्या वाटेवरचा फ्यूज उडाला, तर चालकाने कितीही जोर लावला तरी दांडा हलत नाही. याची प्राथमिक तपासणी कुणालाही जमते: एकाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने मागचे ब्रेकचे दिवे पाहायचे. दिवे लागत नसतील तर शोध तिथूनच सुरू करावा. बऱ्याच गाड्यांत दांड्याशेजारी एका छोट्या झाकणाखाली हे कुलूप हाताने सोडवायची सोय असते आणि मालकाच्या पुस्तिकेत ती दाखवलेली असते. ती वापरताना पाय ब्रेकवर आणि हँडब्रेक ओढलेला हवा. ही सोय गाडी गॅरेजपर्यंत नेण्यासाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही.

दुसरी शक्यता उताराची. करंजी घाट, इमामपूरचा घाट किंवा संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट, कुठेही चहासाठी गाडी कडेला लावली आणि हँडब्रेक न ओढता फक्त पीमध्ये टाकली, तर गाडीचे सगळे वजन पेटीतल्या एका पोलादी दातावर येते. तो दात एका चाकाच्या खाचेत अडकून गाडी रोखतो. माणसांसह दोन टनांची गाडी दहास एक अशा उतारावर असेल तर तिला खाली ओढणारा रेटा सुमारे दोनशे किलो वजनाइतका असतो. दांडा पीमधून काढताना तो दात त्या दाबाखालून ओढून काढावा लागतो, म्हणून दांडा घट्ट लागतो आणि सुटताना 'धाड्' असा आवाज होतो. हा बिघाड नसून गाडी उभी करण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. पाय ब्रेकवर ठेवून आधी एन, मग हँडब्रेक, मग पाय हळूच सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यायचा आणि शेवटी पुन्हा ब्रेक दाबून पी, हा क्रम पाळला की ही तक्रार नाहीशी होते. सपाट जागी दांडा हलका आणि उतारावर जड, एवढी एक नोंद गाडी खोलण्यापासून वाचवते.

साखळी मधोमध तोडायची

दांडा सगळीकडे, सपाटीवर, इंजिन बंद असतानाही जड असेल तर खरे निदान सुरू होते आणि त्याची रीत सुंदर आहे. हात ते झडप या साखळीतला एक सांधा सोडायचा आणि दोन्ही बाजू स्वतंत्रपणे हलवून पाहायच्या. सर्वांत उपयोगी सांधा म्हणजे केबलचे पेटीच्या बाजूचे टोक. पुढची चाके ओढणाऱ्या अर्टिगा किंवा कार्निव्हलसारख्या गाड्यांत पेटी बॉनेटखाली इंजिनाशेजारी असते. बऱ्याचदा बॅटरी किंवा एअर फिल्टरचा डबा बाजूला केला की आर्म दिसतो. क्रिस्टासारख्या मागची चाके ओढणाऱ्या गाडीत पेटी फरशीखाली असते आणि गाडी उचलावी लागते. काम कुठेही असो, आधी सपाट जागा, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे आणि ओढलेला हँडब्रेक हवाच. हा नियम सोडायचा नाही, कारण सांधा सोडल्यावर आर्म हाताने फिरवला की पेटी पीमधून बाहेर येते आणि गाडी सरकू शकते. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोड्या लावल्याशिवाय शिरायचे नाही, हेही तितकेच पक्के.

सांधा सुटला की आत बसून दांडा हलवायचा आणि बाहेर आर्म. यातून निघणारे उत्तर स्वच्छ असते. आर्म हाताने सहज फिरतो, प्रत्येक खाचेत 'खट्' बसतो आणि आतला दांडा मात्र पूर्वीइतकाच जड आहे, असे झाले तर पेटी निर्दोष सुटली. आता उरली केबल आणि दांड्याची बैठक. केबलचे दांड्याकडचे टोकही सोडायचे. दांडा मोकळा झाला तर दोष केबलचा. तरीही जड असेल तर दोष बैठकीत, म्हणजे सांडून वाळलेला गोड चहा, कन्सोलच्या आत पडलेले नाणे, झिजलेला पिव्हट किंवा गालिचा बदलताना वाकलेली पट्टी.

उलट आतला दांडा मोकळा झाला आणि बाहेरचा आर्मच फिरायला तयार नसेल, तेव्हाही पेटी खोलायची वेळ आलेली नसते. त्याच दंडावर बाहेरून एक स्विच बसवलेला असतो. गाडी पी किंवा एनमध्ये असतानाच स्टार्टर चालू द्यायचा आणि आरमध्ये मागचे पांढरे दिवे लावायचे, हे त्याचे काम. या स्विचमध्ये पाणी शिरून तो दंडाला गंजाने चिकटला की आर्म जड होतो. तो सोडवून बाजूला केला आणि दंड मोकळा फिरला, तर बिघाड स्विचचा. पेटीत शिरणाऱ्या दंडाच्या तोंडाशी साचलेला गंज आणि चिखल ही त्यानंतरची शक्यता. हे सगळे तपासूनही दंड घट्टच असेल तरच खाचांची पट्टी, चाकी किंवा झडप यांच्याकडे, म्हणजे पेटीच्या आत जायचे. एक सांधा सोडून मिळालेल्या उत्तरामुळे सहा शक्यतांच्या दोन होतात आणि दुसऱ्या सांध्यानंतर एक उरते. या रीतीला ना महाग यंत्र लागते, ना प्रदीर्घ अनुभव. तिला लागते ती शिस्त: उत्तर मिळेपर्यंत पार्ट न बदलण्याची.

एकाच जिल्ह्यातली दोन हवामाने

केबलच इतकी संशयित का, याचे उत्तर तिच्या बांधणीत आहे. सायकलच्या ब्रेकच्या केबलसारखीच ही रचना: बाहेर आवरण, आत प्लॅस्टिकचे गुळगुळीत अस्तर आणि त्यातून सरकणारी पोलादी तार. फरक एवढाच, की ही केबल ओढतेही आणि ढकलतेही, म्हणून तिची तार जाड आणि ताठ असते. दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. टोपी फाटली की पाणी आत शिरते, तारेवर गंज चढतो, गंज फुगतो आणि अस्तराशी घासू लागतो. पेटीजवळची केबल गरम भागांच्या शेजारून जाते. तिला धरून ठेवणारी क्लिप निसटली की ती उष्णतेकडे झुकते आणि आवरण मऊ पडते. केबलला एखाद्या दुरुस्तीनंतर नको तितका बाक पडला तरी ती जड होते. उंदरांनी आवरण कुरतडणे हीसुद्धा आपल्याकडची खरीखुरी शक्यता आहे.

१७ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, क्षेत्रफळाने राज्यात पहिला असलेला हा जिल्हा केबलची दोन्ही बाजूंनी परीक्षा घेतो. नगर, पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा पर्जन्यछायेचा भाग. उन्हाळ्यात इथली बारीक धूळ रबराच्या प्रत्येक भेगेतून आत जाते आणि ग्रीसला चिकटून तिचा खरखरीत लेप बनतो. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडी, भंडारदऱ्याकडे पाऊस त्याच्या कित्येक पटींनी कोसळतो. पावसाळी पर्यटनाला निघालेली गाडी एकाच दिवशी कोरड्या धुळीतून निघून चिखलाच्या पाण्यात शिरते आणि परत येते. ऊसपट्ट्यात गळीत हंगामात ट्रॉल्यांच्या वर्दळीने उखडलेले रस्ते आणि खड्ड्यांसाठी वर्षानुवर्षे चर्चेत राहिलेला नगर–मनमाड रस्ता गाडीच्या खालच्या क्लिपा आणि टोप्या सैल करतात. अशा गाड्यांत सांध्यांची आणि टोप्यांची पाहणी ही पावसाळ्याआधीची आणि नंतरची नेहमीची तपासणी व्हायला हवी, इतकी या बिघाडाची कारणे सामान्य आहेत.

गंजलेल्या केबलमध्ये तेल सोडून ती मोकळी करण्याचा मोह स्वाभाविक आहे. काही दिवस त्याने बरेही वाटते. पण बंद अस्तराच्या आतला गंज तेलाने जात नाही, बाहेरची धूळ मात्र ओल्या तेलाला अधिक चिकटते. खराब ठरलेली केबल बदलणेच योग्य. बदलल्यानंतर तिची लांबी जुळवण्याचे काम गाळायचे नाही. दांडा एनमध्ये आणि पेटीचा आर्मही नेमका एनच्या खाचेत ठेवूनच सांधा आवळायचा. हा मेळ चुकला तर दांडा डी दाखवतो, झडप मात्र दोन जागांच्या मध्ये राहते, तेलाचा दाब अपुरा पडतो आणि आतल्या क्लचच्या चकत्या जळायला लागतात. स्वस्त कामातल्या निष्काळजीपणाने महाग पेटी खरोखरच बिघडण्याची वाट ही अशी असते.

जोर लावण्याची किंमत

जड दांड्याकडे 'चालतंय तोवर चालवू' म्हणून दुर्लक्ष करणे किंवा तो जोराने ओढत राहणे धोक्याचे आहे. केबलच्या टोकाशी दांड्याला आणि आर्मला जोडणारा प्लॅस्टिकचा किंवा रबराचा छोटा बुश असतो. वाढीव जोर सर्वांत आधी त्याच्यावर येतो. तो फुटला की दांडा अचानक हलका होतो आणि चालकाला वाटते, दुखणे आपोआप बरे झाले. प्रत्यक्षात दांडा आणि पेटी यांचा संबंध तुटलेला असतो. दांडा पी दाखवतो आणि पेटी डीमध्ये किंवा एनमध्येच राहिलेली असते. चालक उतरतो आणि गाडी चालू लागते.

ही कल्पनेतली भीती नाही. जून २०२२ मध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. केबलचा बुश झिजून निखळू शकतो आणि दांडा पीमध्ये असूनही गाडी घरंगळू शकते, असे कंपनीने मान्य केले. त्या यादीत फ्यूजन, एस्केप यांच्याबरोबर ट्रान्झिट कनेक्ट ही व्हॅनही होती. उपाय होता नवा बुश आणि त्यावर एक संरक्षक टोपी. लाखो गाड्यांचा प्रश्न सोडवणारा हा भाग मुठीत मावतो. पेटीला हात लावावा लागला नाही. लहान सांध्याकडे आधी पाहण्याचा आग्रह का धरावा, याचे यापेक्षा भक्कम कारण देता येणार नाही. आणि तोवर चालकाने करायचे काय, तर इंजिन बंद करण्याआधी प्रत्येक वेळी हँडब्रेक ओढायचा. पीवर एकट्यावर विसंबायचे नाही.

चार आक्षेप

पहिला आक्षेप असा, की आता स्कॅनर आहेत. वायर लावली की कोड येतो, मग हे सांधे सोडण्याचे खटाटोप कशाला? स्कॅनर उपयोगी आहे, पण तो फक्त त्याच गोष्टी सांगू शकतो ज्यांना सेन्सर आहे. गंजलेल्या केबलला सेन्सर नसतो. ती कितीही जड झाली तरी कोड येत नाही. आला तर बहुधा पी ०७०५ सारखा, म्हणजे दांडा कोणत्या जागी आहे हे सांगणाऱ्या स्विचच्या तक्रारीचा. त्यावर विसंबून स्विच बदलला आणि खरा दोष अर्धवट सरकणाऱ्या केबलचा असला, तर बिल होते आणि बिघाड तसाच राहतो. कोड हा साक्षीदार आहे. निकाल हाताने घेतलेल्या परीक्षेनेच लागतो.

दुसरा आक्षेप गॅरेजवाल्यांचा आणि तो न्याय्य आहे. उत्सवाच्या दिवसांत दारात गाड्यांची रांग असते, ग्राहकाला दर्शन घेऊन रात्रीच निघायचे असते, सावकाश निदान करायला वेळ कुठला? पण वर सांगितलेल्या परीक्षांचा क्रम पाहिला तर लक्षात येते, की त्यातल्या पहिल्या दोन, म्हणजे प्रश्न आणि ब्रेकचे दिवे, यांना पानासुद्धा लागत नाही. उतारावरची गाडी सपाटीला आणून पाहणे हेही मिनिटांचे काम. सांधा सोडायचे काम जास्तीचे आहे, पण पेटी उतरवण्यापुढे ते नगण्य ठरते. घाईत अंदाजाने पार्ट बदलला आणि तो चुकला की तीच गाडी पुन्हा दारात येते आणि घाई दुप्पट होते.

तिसरा आक्षेप भविष्याचा. नव्या गाड्यांत दांडा जाऊन चकती आणि बटणे येत आहेत, सगळे तारेने चालते, मग केबलचा हा अभ्यास कालबाह्य नाही का? यंत्र बदलेल, पद्धत बदलणार नाही. आज्ञा देणारा भाग, आज्ञा वाहणारा भाग आणि आज्ञा पाळणारा भाग हे तीन तुकडे तारेच्या गाडीतही आहेतच आणि त्यांना वेगळे करून तपासावे लागतेच. शिवाय विजेचा दांडा आपोआप निर्धोक होत नाही. २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरने जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांचा विजेचा दांडा प्रत्येक वेळी मधोमध परत यायचा, त्यामुळे गाडी पीमध्ये गेली आहे असा चालकांचा गैरसमज होत होता. दांडा हलका होता, स्पष्ट नव्हता. आणि आज रस्त्यावर असलेल्या केबलच्या गाड्या पुढची अनेक वर्षे धावणार आहेत. जुन्या होत जातील तशी त्यांची ही तक्रार वाढणारच.

चौथा आक्षेप सर्वांत अवघड: ग्राहक निदानाचे पैसे देत नाही. 'तू काय केलंस, नुसतं पाहिलंस,' असे ऐकून घ्यावे लागते. म्हणून फिटर पार्ट लावतो, कारण पार्ट दिसतो आणि त्याची किंमत मागता येते. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच दोष एकट्या फिटरवर टाकणे अन्यायाचे आहे. ज्या कामाला मोबदला नाही ते काम माणूस टाळतो. अर्ध्या तासात बुश शोधून काढणाऱ्याला थोडे पैसे आणि चार दिवसांनी पेटी उतरवून चढवणाऱ्याला भरपूर, अशी रचना असेल तर कौशल्य शोधाकडे न वळता उचलाउचलीकडे वळते. ग्राहकाने वाचवलेले निदानाचे पैसे त्यालाच अनेक पटींनी भरावे लागतात.

शोधाला दाम हवा

तपासणीला मोबदला मिळणे शक्य आहे, याचा पुरावा नगर शहरातच आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, नगरमध्ये आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमानुसार नव्या वाहनाच्या नमुन्याची तपासणी करून मंजुरी देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत तिचे नाव आहे. तिथे वाहन उत्तीर्ण होते ते कुणाच्या अंदाजावर नव्हे, एकेक भाग ठरलेल्या रीतीने तपासून आणि निकाल कागदावर लिहून. त्या तपासणीचे शुल्क असते आणि वाहन उत्पादक ते भरतात, कारण तपासणी हेच तिथले काम मानले जाते. लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्रही याच शहरात आहे आणि वाहन चालू स्थितीत ठेवण्याची शिस्त तिथल्या शिक्षणाचा भाग आहे. म्हणजे पद्धतशीर तपासणी या मातीला परकी नाही. तिला रस्त्याकडेच्या गॅरेजात जागा आणि दाम मिळालेला नाही, एवढेच.

माहितीचा प्रश्नही खरा आहे. कोणत्या गाडीत कुलूप सोडवायची सोय कुठे, केबल जुळवताना आर्म कसा ठेवायचा, बुशचा सुटा पार्ट मिळतो की अख्खी केबल घ्यावी लागते, हे कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असते आणि छोट्या गॅरेजला ती सहज मिळत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने एक सोय सुरू केली आणि तिच्या चार क्षेत्रांत मोटार वाहने आहेत. त्या हक्काचा खरा अर्थ पार्ट विकत मिळणे एवढाच नसून निदानाची माहिती मिळणे हा आहे. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातही ऑटोमॅटिकच्या रचनेइतकेच वजन बिघाड वेगळा काढण्याच्या रीतीला मिळायला हवे. एका जड दांड्याच्या गाडीवर विद्यार्थ्याला सोडावे, पण पार्ट बदलायची परवानगी देऊ नये. दोष कुठे आहे आणि तो तिथेच कशावरून, एवढेच त्याने लिहून द्यावे. तो लेखी निष्कर्ष हीच त्याची परीक्षा.

आणि ग्राहकाचे काम सर्वांत सोपे आहे. गाडी देताना 'काय बदलावं लागेल' हे विचारू नये, 'काय तपासलं आणि त्यावरून काय ठरलं' हे विचारावे. पेटी उतरवायची म्हटले तर आर्म सोडून पाहिला का, हा एक प्रश्न पुरेसा आहे. ज्याने पाहिला असेल तो दाखवून देईल, ज्याने नसेल त्याला पाहावे लागेल. बिलावर तपासणीची स्वतंत्र ओळ मागावी आणि ती रक्कम घासाघीस न करता द्यावी, निष्कर्ष 'पार्ट बदलायची गरज नाही' असा निघाला तरीही, किंबहुना तेव्हा तर नक्कीच. बिघाड शोधणाऱ्याला सन्मानाने पैसे मिळाले, तर नगर–मनमाड रस्त्यावरच्या गॅरेजांत शिकणारा पुढचा मुलगा आधी विचार करायला आणि मग पाना उचलायला शिकेल. गाडीतल्या माणसांचे पैसे वाचतील आणि उतारावर उभी केलेली गाडी जागेवर राहील. दुरुस्तीचा दर्जा वाढवायचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला दिसत नाही.